कवळीकाकांचा फोन आणि भूगोलाच्या बाईंचा दात

आमच्या इमारतीत बातमी अशी होती की कवळीकाका चोरीचे मोबाईल पुसून देतात.

बातमी सोडली तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी. मावशींच्या ओठांत कायम चार टाचण्या असतात, त्यामुळे त्या तोंड न हलवता बोलतात, आणि तोंड न हलवता सांगितलेली कुठलीही गोष्ट भयंकर गुप्त वाटते. "पडद्यांचं माप घ्यायला गेले हो. टेबलावर मोबाईल उताणा पडलाय. त्यातून वायर निघून कॉम्प्युटरात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी धावतायत. आणि काकांचं तोंड? अगदी चोरासारखं!"

पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या एका मोबाईलचे चाळीस झाले. तिसऱ्या मजल्यावर तर पोलीस येऊन चहा पिऊनसुद्धा गेले.

खरी गोष्ट एवढीच, की मोबाईल एकच होता, तो काकांचा स्वतःचा होता आणि सहा वर्षांचा म्हातारा होता. तोंड मात्र खरंच चोरासारखं झालं होतं. जन्मात पहिल्यांदाच ते असं काहीतरी करत होते, ज्याच्या सूचनांत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: चुकलात तर आमच्याकडे येऊ नका.

काका दात बनवतात. डॉक्टर नाहीत ते. डॉक्टर दवाखान्यात तोंडात बघतात, माप घेतात, आणि ते माप काकांकडे, त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत येतं. मागच्या खोलीत खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने ठेवलेले, मेणाच्या वड्या, एक छोटी भट्टी आणि उंदराच्या मिशीएवढे बारीक ब्रश. त्या ब्रशने काका पोर्सिलेनच्या दातावर रंग चढवतात. ब्रश टेकला की श्वास बंद, आणि श्वास बंद म्हणजे बोलणं बंद. म्हणून काकांचं प्रत्येक वाक्य मध्येच लटकतं. "म्हणजे कसं आहे, माणसाचा दात हा… … …पांढरा नसतोच." मधल्या वेळात समोरच्याने चहा संपवून घ्यावा.

रंग ओळखायला काकांकडे नमुन्याच्या सोळा दातांची एक पट्टी आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तशीच पट्टी पेशंटच्या दाताजवळ धरतात, फोटो काढतात आणि मेसेजवर पाठवतात. पण माणसांचे दात काही नमुन्यावरहुकूम उगवत नाहीत. दोन नमुन्यांच्या मधलं जे काही असतं, ते काका आपल्या फोनवर बघून ठरवत. फक्त त्याच फोनवर.

"हा फोन… … …खोटं बोलतो," काका सांगत. "पिवळं जरा जास्तच दाखवतो. पण रोज… … …एकच खोटं बोलतो. मला त्याचं खोटं पाठ झालंय."

आणि एके दिवशी त्या फोनवर मेसेजच्या अ‍ॅपने नोटीस लावली. तुमची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली आहे, पुढच्या महिन्यापासून आम्ही इथे चालणार नाही. फोनच्या कंपनीने तर नवी सिस्टीम पाठवणं तीन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं.

काका कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेले. हा गृहस्थ वाक्याच्या दोन्ही टोकांना 'सर' लावतो. "सर, सहा वर्षं झाली, सर? सर, याला फोन नाही म्हणत, सर. याला आठवण म्हणतात, सर." त्याने नवा फोन हातात दिला. काकांनी त्यावर एक ओळखीचा जबडा उघडून बघितला आणि फोन परत केला.

"हे दात आहेत की बाथरूमच्या फरशा?"

"सर, कलर कसले फ्रेश आहेत बघा, सर!"

"म्हणून तर नको."

घरी आल्यावर काकांनी शोधाशोध सुरू केली, आणि त्यांना एक नवंच जग सापडलं. जगात कुठे कुठे बसलेली माणसं कंपनीने टाकून दिलेल्या फोनसाठी स्वतः सिस्टीम तयार करतात आणि फुकट वाटतात. काकांच्या फोनसाठी ती कुणा एकाने केली होती. त्याने स्वतःच्या फोटोच्या जागी बकरीचा फोटो लावला होता. खाली लोकांचे अभिप्राय होते. "माझा मस्त चालतो." "माझा पण." "माझा मेला." परत "माझा मस्त चालतो."

"चारात एक मेला," काकू म्हणाली. काकू टपाल कचेरीत दिवसभर शिक्के मारते आणि घरी येऊनही तशीच बोलते. प्रत्येक वाक्य धप्पकन उमटतं. "बकरीवर विश्वास. माणसावर नाही. धन्य."

"अगं, म्हणजे कसं आहे, फोनच्या दारात कंपनीने एक पहारेकरी बसवलेला असतो. तो कंपनीचीच सिस्टीम आत सोडतो. आधी त्याला उठवायचं—"

"आणि तो उठताना?"

"उठताना… घरातलं सगळं सामान बाहेर फेकून देतो."

म्हणून आधी सामान हलवणं आलं. काकांनी साडेतीन हजार तोंडांचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि रविवारी दुपारी जेवण उरकून बसले. याच मुहूर्तावर मावशी पडद्यांचं माप घ्यायला आल्या, ते वर सांगितलंच.

वायर जोडली. अक्षरं धावली. पहारेकरी उठला, सामान गेलं, नवी सिस्टीम आत शिरली आणि पडदा काळा झाला. काळाच राहिला. पाच मिनिटं. आठ. बकरीवाल्याने लिहिलं होतं, 'पहिल्यांदा वेळ लागेल, हात लावू नका.' काकांनी हात मांडीखाली दाबून ठेवले. प्लास्टरचे सगळे जबडे जणू त्यांच्याकडे बघून हसत होते. अकराव्या मिनिटाला पडद्यावर एक निळा गोल फिरायला लागला आणि काकांनी जो श्वास सोडला, त्याने टेबलावरची पोर्सिलेनची पूड उडाली.

पुढचे दोन दिवस काकांचा रुबाब काय विचारता! कंपनीने बळंच घातलेली, काढता न येणारी सतरा अ‍ॅप गायब. बॅटरी, जी दुपारीच मान टाकायची, ती संध्याकाळपर्यंत ताठ. मेसेजचं अ‍ॅप गुपचूप चालू. फक्त बँकेच्या अ‍ॅपने आत डोकावून बघितलं, नाक मुरडलं आणि दार लावून घेतलं. शिवाय फोन चालू करताना दर वेळी एक इशारा यायचा: या उपकरणात फेरफार झाले आहेत, यावर भरवसा ठेवू नका.

काकूने तो वाचला. "असं तुमच्या कपाळावर यायला हवं होतं. लग्नाआधी."

सोमवारी फोटो आला. समोरच्या एका दाताची कॅप करायची होती. समोरचा एकच दात करणं म्हणजे या धंद्यात सगळ्यात अवघड, कारण शेजारी खरा भाऊ उभा असतो आणि बघणारा दोघांना एकदम बघतो. काकांनी नव्या कोऱ्या सिस्टीमवर फोटो निरखला, रंग ठरवला, दात भाजला, पाठवला. बुधवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या सगळ्या जगाशी खुर्चीतल्या पेशंटसारखंच बोलतात.

"काका, थोडंसं टोचेल हं आता. घाबरायचं नाही. दात परत पाठवतेय. तोंडात एकट्या त्याच दातात दिवा लागल्यासारखा दिसतोय. झालं, संपलं हं." मग जरा थांबून, "अजून एक छोटंसं. मोठ्या लॅबवाल्यांनी मशीन आणलंय. दाताला लावलं की रंग सांगतं. मी शुक्रवारपर्यंत थांबते. नाहीतर मग पुढचं काम तिकडे द्यावं लागेल, काका. आता चूळ भरा." हे शेवटचं बहुतेक शेजारच्या पेशंटला होतं.

काकांच्या टेबलावरचे निम्म्याहून जास्त जबडे या एका दवाखान्याचे होते.

ते फोन घेऊन बसले. कॉम्प्युटरवरून परत फोनमध्ये घेतलेले जुने फोटो एकेक उघडले. ज्या दातांचे रंग त्यांना झोपेत सांगता आले असते, ते सगळे निळसर, परके दिसत होते. सिस्टीमबरोबर कंपनीने पडद्याला दिलेला रंगांचा हिशोबही गेला होता. कॅमेऱ्याचा तर दोष नव्हताच, तो डॉक्टरीणबाईंचा होता. फोन अजूनही खोटंच बोलत होता, पण आता नवीन खोटं. काकांनी सेटिंगमध्ये जाऊन 'नैसर्गिक' केलं, 'ठळक' केलं, परत 'नैसर्गिक' केलं. ज्या पडद्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच हातातून गेला होता. फोन वाचला होता आणि नजर मेली होती.

"माझा डोळाच… … …गेला गं," काका म्हणाले. ब्रश हातात नसतानाही वाक्य लटकलं.

काकू चपला काढत होती. "फोन किती वर्षांचा?"

"सहा."

"दात किती वर्षं करताय?"

"बावीस."

"मग आधीची सोळा वर्षं काय चाटून रंग सांगत होतात?"

धप्प. शिक्का बसला.

काकांनी खणातून नमुन्यांची पट्टी काढली. सोळा वर्षं ते पट्टी खिशात घालून दवाखान्यात जायचे, पेशंटला खिडकीशी उभं करायचे आणि बघायचे. फोटो यायला लागले आणि जाणं सुटलं. सहा वर्षांत त्यांनी एकही जिवंत दात बघितला नव्हता.

गुरुवारी सकाळी काका फोन घरी ठेवून दवाखान्यात गेले. पेशंट खिडकीशी उभी राहिली. काकांनी पट्टी काढली, डोळे बारीक केले आणि बघता बघता त्यांना आठवलं की जिवंत दात ओला असतो. मुळाशी उबदार, टोकाला जवळजवळ पारदर्शक, आणि मधूनच एक केसाएवढी पांढरी रेघ जाते. हे सहा वर्षांत एकाही फोटोने सांगितलं नव्हतं. त्यांनी कागदावर दात काढला आणि त्यात रेघा भरत गेले. दहा मिनिटं. पेशंटने कंटाळून विचारलं, "नकाशा काढताय का?"

"म्हणजे कसं आहे," काका म्हणाले, "तसंच समजा."

आता मला मध्ये यावंच लागतं, कारण ही पेशंट म्हणजे आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई होत्या. तीन आठवडे बाई हजेरीचं पुस्तक तोंडासमोर धरून शिकवत होत्या. ज्वालामुखी, वाळवंट, खारे वारे, सगळं पुस्तकाआडून. मी त्यांची नक्कलही तशीच करायचे. काकांनी दवाखान्यातलं हे सगळं सांगितल्यावर मी काकांची पुतणी या नात्याने जे बोलू नये ते बोलले.

"काका, फोनशिवाय तुम्हाला नाही जमायचं. उद्या वर्गात बाई हसल्या ना, की खोटा दात कुठला ते मी एका नजरेत सांगेन. पैज!"

काका भट्टीसमोर बसले होते. "हरलीस तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"माप घ्यायची नवी पावडर आलीय. कुणाच्या तरी तोंडात… … …घालून बघायचीय."

"चालेल. आणि मी जिंकले तर तुम्ही नवा फोन घ्यायचा. फरशावाला."

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी सकाळीच दात बसवला, आणि तिसऱ्या तासाला बाई वर्गात आल्या त्या पुस्तक काखेत मारून. त्या आधी वर्गाकडे बघून हसल्या, मग विनाकारण खिडकीकडे बघून हसल्या, मग पृथ्वीच्या गोलाकडे बघूनही हसल्या. मी पहिल्या बाकावर जाऊन बसले होते. डावा बघितला. उजवा बघितला. परत डावा. दोन सख्खे भाऊ. तास संपायला आला आणि माझ्याच्याने राहवेना.

"बाई, एक विचारू? डावा ना?"

"काय डावा?"

"दात, बाई."

वर्ग फुटला. बाईंनी आधी डोळे मोठे केले आणि मग, देव त्यांचं भलं करो, पुन्हा हसल्या. "उजवा. बाकावर उभी राहा."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, की सोमवारी तीन जबडे पाठवतेय, आणि काका, समोरच्या दातांना तुम्हीच येत जा, दुखणार नाही. काकांनी तो त्याच फोनवर घेतला.

"मग ते सिस्टीम बदलणं फुकटच गेलं की," मी म्हटलं. अजून बोलायची सोय होती तोवर म्हटलं.

"फुकट कसं? चालता फोन कचऱ्यात गेला नाही. निरोप येतात, बॅटरी टिकते. बँकेसाठी मात्र काकूच्या पाया पडावं लागतं. कुणी विचारलं तर मी सांगेन, जुना फोन असेल, वेळ असेल तर जरूर करा. पण आधी बघून घ्या, त्या फोनमधलं आपण नक्की काय वाचवतोय. मी चुकीचीच गोष्ट वाचवायला… … …निघालो होतो. बस इथे. आ कर."

त्या पावडरीचा गुलाबी लगदा टाळ्यापर्यंत गेला. चव पुदिन्याची आणि खडूची मिळून. काकू दारात येऊन उभी राहिली आणि तिने माझ्याकडे डोळे भरून बघितलं.

"किती वेळ ठेवायचंय हो?"

"पाकिटावर तीन मिनिटं लिहिलंय," काका म्हणाले.

"दहा ठेवा," काकू म्हणाली. "घरात शांतता आहे."