मोरपंखीला दिलेली ऊब

चहा ओता आधी, कारण हा किस्सा कोरड्या घशानं सांगण्यासारखा नाही. आणि मधे हसू नका. शेवटी हसायचं असेल तर हसा, मी अडवणार नाही.

स्कॉटलंडहून वनशास्त्र शिकून परत येताना मला वाटलं होतं, जुईनगर माझी वाट बघत असेल. अगदी हार घेऊन नाही, पण निदान कोणीतरी विचारेल, की पोरी, तिकडे काय शिकलीस, आमच्या झाडांचं काय करू? विमानातच मी उत्तरं तयार करून ठेवली होती. प्रत्यक्षात पहिला प्रश्न विचारला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, म्हात्रेकाकांनी. तुझी टॅक्सी गेटात अजून किती वेळ उभी राहणार?

झाडांचं म्हणाल, तर त्यांचं ठरलेलंच होतं. मोठं असं एकच झाड होतं आमच्याकडे, गेटजवळची मोरपंखी. तिच्या जागी दोन गाड्यांचं पार्किंग होणार होतं.

आता मोरपंखी म्हणजे काय, हे तुम्हाला का सांगायला हवं? शाळेत असताना तिची चपटी डहाळी तुम्हीही वहीत ठेवली असेल, विद्या म्हणून. आमच्या बिल्डिंगमधलं प्रत्येक पोर त्याच झाडाच्या विद्येवर पास झालं. माझ्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ती डहाळी अजून आहे. आईच्या मते मी स्कॉटलंडला पोचले ती तिच्यामुळे, शिष्यवृत्तीचा नंबर नंतर.

मग काय, गच्चीवरच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि पेटले. म्हटलं, या झाडाची डहाळी रुजवली तर ती याचं पिल्लू नसते, ती हेच झाड असते. शंभर डहाळ्या रुजवा, शंभर वेळा हेच झाड. मला म्हणायचं होतं, बघा किती मोलाचं आहे! सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, भारावले.

म्हात्रेकाका मूळचे इथलेच. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. ते शांतपणे म्हणाले, "मंग बरा झाला. तू शंबर कर, आमी ह्या एक काढतो."

टाळ्या पडल्या. मी घाईघाईनं अट घातली, की आधी डहाळ्या रुजल्या पाहिजेत, तोवर झाडाला कोणी हात लावायचा नाही. आणि नाही रुजल्या तर? काका म्हणाले, तर झाड राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या.

लक्षात येतंय ना तुमच्या? मला फक्त नापास व्हायचं होतं. नापास व्हायचं आणि झाड वाचवायचं. इतकी सोपी परीक्षा मला आयुष्यात कोणी दिली नव्हती.

पण नापास व्हायची सवय कुठे होती मला?

दुसऱ्याच दिवशी बाल्कनीत माझं काम सुरू झालं. बाजूच्या कोवळ्या डहाळ्या कात्रीनं कापायच्या नाहीत, खाली ओढून काढायच्या, म्हणजे जुन्या लाकडाची छोटीशी टाच त्यांच्याबरोबर येते आणि मुळं तिथून फुटतात. टाचेला मुळं फुटायची पावडर लावली, ओल्या वाळूत डहाळ्या खोचल्या, वरून प्लास्टिक ताणलं. आणि शेवटचं अस्त्र म्हणजे ट्रेखाली अंथरायची विजेची चटई. ती मी गरम कोट मागे ठेवून बॅगेतून आणली होती. तिकडचा नियमच आहे, सूचिपर्णी झाडाची, म्हणजे मोरपंखी, ख्रिसमस ट्री असल्यांची, कलमं लावली की बुडाला ऊब द्यायची. त्या चटईला एकच बटण होतं, चालू आणि बंद. तिकडच्या थंडीत बंद करायची वेळच येत नसे.

इकडे मे महिना होता.

आई बाल्कनीत डोकावली. "प्रज्ञा, इडल्या लावल्यास का?"

"आई, मुळांना ऊब लागते."

"ऊब? मला फरशीवर पाय ठेववेना." मग मी तिला शास्त्रीय पद्धत म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, असं असेल तर गॅसवरच ठेव, लवकर होतील.

पण डहाळ्या हिरव्यागार! एक आठवडा गेला, दुसरा गेला, एकही पान पिवळं नाही. मी रोज फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला लागले. बायका बघायला यायच्या, पोरं रांग लावायची. जिन्यात लोक मला 'झाडवाल्या मॅडम' म्हणायला लागले. कलम उपटून बघायचं नसतं, कोवळी मुळं तुटतात, हा नियम मात्र मी कडक पाळला. नियमांच्या बाबतीत मी फार पक्की.

एका रविवारी म्हात्रेकाका आले. दाराबाहेर चपला काढल्या, देवघरात यावं तसे बाल्कनीत आले. बराच वेळ वाकून बघत राहिले.

"एकपन नाय मेला?"

अजून माहीत नाही. एवढंच म्हणायला हवं होतं हो मी. खरंही तेच होतं आणि झाडही त्यातच वाचत होतं.

मी म्हटलं, "एकही नाही, काका. शंभर टक्के."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुजा हात गुनाचा हाय, पोरी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महाप्याच्या माझ्या नव्या ऑफिसातून परतले, तर गेट कुठलं तरी वेगळंच वाटलं. उजेड जास्त होता. बुंध्याची ओली चकती जमिनीलगत दिसत होती आणि वास अजून हवेत होता. आडव्या पडलेल्या झाडाभोवती आया आणि पोरं बसून डहाळ्या खुडत होती. शाळा सुरू व्हायच्या होत्या ना, नव्या वह्यांना विद्या हवी. कोणाच्या तोंडावर दुःख नव्हतं. का असावं? झाड तर वर माझ्या बाल्कनीत होतं.

मी वर गेले आणि पहिल्यांदाच एक कलम उपटलं. श्रीखंडातून चमचा निघावा तसं अलगद वर आलं. टाच काळी पडलेली, मऊ, उकडलेली. मूळ नाही. दुसरं काढलं, तेही तसंच. मग मी सगळीच काढली.

ही झाडं मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवी राहतात, हे मला माहीत नव्हतं का? तिकडे नाताळात घराघरात कापलेलं, बिनमुळाचं झाड हिरवंगार उभं असतं. मी स्वतः त्याच्यावर दिवे लावलेत!

आईनं वाकून चटईचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. शेजारच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी शिंदे, हातात पेढ्यांचा बॉक्स. त्यांच्या टाकीजवळ एक जुनं ख्रिसमस ट्री आहे, अडचण होते. माझं नाव ऐकून आले होते. मी सुन्न होते, त्यांनी हातावर ठेवलेला पेढा तसाच तोंडात टाकला.

"आमच्या झाडाची पण कलमं करून द्या, मॅडम. म्हणजे मेंबर लोकांना कापताना वाईट नाही वाटणार."

पेढा कसाबसा गिळून मी सांगितलं, की आमची रुजली नाहीत, एकही नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून बाल्कनीतल्या ढिगाकडे पाहिलं. "हिरवी तर दिसतायत."

"मेलेली आहेत."

शिंदेसाहेबांनी जरा विचार केला आणि आवाज खाली आणला. "ते सांगायचं कशाला कोणाला? पार्किंग होईपर्यंत हिरवी राहिली की बास."

मी बॉक्स त्यांच्या हातात परत दिला आणि तिथंच, दारात उभ्याउभ्या ठरवलं, की यापुढे मी नापास. जिन्यात ऐकू जाईल असं त्यांना सांगितलं, "मला कलमं करता येत नाहीत. शिकले, पण जमलं नाही." तुम्हालाही कोणी विचारलं तर हेच सांगा. म्हणावं, ती जुईनगरची प्रज्ञा? स्कॉटलंडला जाऊन आली, पण तिच्या हातून एक काडी रुजत नाही. आणि जरा मोठ्यानं सांगा, शेजारच्या झाडालाही ऐकू जाऊ दे.