बंद दाराचा फोटो
डांबरगोळ्यांचा वास आला की मला विद्यापीठातलं जुन्या फोटोंचं ते कपाट आठवतं. धरणात बुडालेल्या आईच्या माहेरगावचे, सर्वेक्षणात घराघरापुढं काढलेले फोटो त्यात होते. एकावर पांढऱ्या शाईत आजाचं नाव होतं. बांबूच्या बंद दारापुढं पागोटंवाला माणूस, शेजारी आजी आणि लहानगी आई. आजीनं तिच्या तोंडावर हात दाबला होता. पोर हसत असणार, मला वाटलं. आजा मी कधी पाहिलाच नव्हता. मोबाईलमध्ये फोटो घेऊन विसरवाडीला बसमधून उतरलो तो धावतच घरी गेलो. “आई, तुझा बाप सापडला!” तिनं मोबाईल बराच वेळ डोळ्यांजवळ धरला. “हा शेजारचा,” ती म्हणाली. “बाप त्याच पहाटे गेला. घरात पुरुष नसला तर जमीन मिळणार नाही, असं साहेब सांगून गेलेला. म्हणून याला उभा केला. जीप डोंगराआड जाईपर्यंत आईनं मला रडू दिलं नाही.” “मग आजा कुठं होता?” तिनं त्या बंद दारावर बोट ठेवलं. हे लिहितानाही भिंतीवर तोच फोटो आहे. आजाचा आमच्याकडे दुसरा नाही.