सुनेसाठी धरलेली रांग

त्र्याहत्तर साली जया सून होऊन इंदोऱ्याच्या वस्तीत आली. नवरा लहानू गिरणीत होता. तिलाही तिथेच सुताच्या खात्यात काम लागलं. सासू कौतिकाबाईंचा आवाज एवढा खणखणीत, की त्या घरात बोलल्या तरी गल्लीला कळायचं.

जयाला मात्र एक त्रास होता आणि तो ती कुणाला सांगत नव्हती. पाळी यायच्या आधी पोट फुगायचं, साफ होत नसे. पाळी सुरू झाली की नेमकं उलटं. कळ यायची आणि पुन्हा पुन्हा डबा घेऊन धावावं लागायचं. वस्तीला संडास एकच. सकाळी तिथे ही रांग! जया ओठ दाबून उभी राही.

सुनेचं पोट बिघडतं एवढं कौतिकाबाईंना दिसत होतं. त्यांनी वांगं बंद केलं, मग वरण, मग दूध. शेजारच्या अंजनाबाई म्हणाल्या, नजर लागली. जया ताक-भाकरीवर राहू लागली आणि एक दिवस मशीनसमोरच भोवळ येऊन कोसळली. बायांनी धरलं म्हणून हात वाचला.

दुसऱ्याच दिवशी कौतिकाबाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर अरुंधतीबाईंनी पोट तपासलं. ताप येतो का, शौचातून रक्त जातं का, ते विचारलं. दोन्ही नव्हतं.

"हे होतं कधी?"

जयानं मान खाली घातली. सासूसमोर कसं बोलायचं? पण कौतिकाबाईच थबकल्या, मनाशी काही आठवत म्हणाल्या, "बाई, हिची अडचण आली का तवाच होते वं हे!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग घाबरू नका. पाळीत गर्भाशय आकसतं, कळा येतात. ज्यानं ते आकसतं, त्यानंच शेजारचं आतडंही जोरात चालतं. पाळीआधी तेच आतडं सुस्तावतं. पुष्कळ बायकांना होतं हे. हिला उपाशी मात्र ठेवू नका. भोवळ आली ती त्यानंच. शौचातून रक्त पडलं किंवा वजन उतरलं तर लगेच घेऊन या."

त्या रात्री जयाच्या ताटात वरण-भात आला, वर तुपाची धार.

पुढच्या पाळीत ती सकाळी उठली तेव्हा कौतिकाबाई घरात नव्हत्या. डबा घेऊन त्या रांगेत पुढे उभ्या होत्या.

"काहून वं कौतिका, तुहं पोट बिघडलं का?" कुणीतरी विचारलं.

"माह्या सुनेची पाळी हाय," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "पोट ढिलं होते तिचं. तिच्यासाठी नंबर धरून राहिली मी."

रांगेत मागे उभ्या असलेल्या कांताबाई हळूच म्हणाल्या, "माह्या पोरीलेही होते असंच. मले वाटे, तिले रोग हाय." आणि जया येताच त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

घरी आल्यावर जयाला रडू आवरेना. "आत्याबाई, माह्यासाठी एवढं..."

"तुह्यासाठीच नाही वं," कौतिकाबाई तिच्याजवळ बसल्या. "माह्या सासूनं मले त्या दिवसांत उपाशी ठेवलं. माहं आतडंच खराब हाय, असं मी जन्मभर समजत होती. त्या डॉक्टरीणबाईनं तुह्यासंगं मलेही बरं केलं."

रविवारी दोघी पिशवीभर संत्री घेऊन दवाखान्यात गेल्या. कोण आजारी आहे, असं कंपाउंडरनं विचारलं.

"कोणीच नाही गा," कौतिकाबाई म्हणाल्या. "बाईले भेटाले आलो."