देवमाशापाशी बसलेला धर्मा

मांडव्याला बोटीतून उतरतो तोच मुलीचा फोन आला. ‘बाबा, धर्माकाका गेले.’ धक्क्यावरच्या बाकावरच बसलो. पाच आठवडे होऊन गेले, अजून तसंच वाटतं... दमल्यासारखं.

धर्मा माझा शाळेपासूनचा मित्र. जन्मभर होडी चालवली आणि जन्मभर देवमाशावरून भांडला. टपरीवर चहा पिताना पेपरात वाचलं, की अमक्या देशात अजून देवमाशांची शिकार चालते, की याचं डोकं फिरलंच. मी मुद्दाम डिवचायचो, ‘तू रोज पाटीभर बांगडे आणतोस, ते चालतं होय रे?’ ‘बांगडा पिल्लाला दूध पाजतो का, शहाण्या?’ असा अंगावर यायचा.

मग तो उन्हाळा. आमच्या किनाऱ्याला जिवंत देवमासा लागला, ओहोटीत वाळूवर रुतला. धर्मा घरातल्या चादरी भिजवून त्याच्या पाठीवर टाकत बसला. मी तेव्हा पंचायतीत सदस्य. गर्दी, सेल्फी, बंगलेवाल्यांचे फोन... नुसता वैतागलो होतो. दुपारी मासा हलेनासा झाला. धर्मा म्हणाला, ‘थांब जरा. ह्यो लई येळ दम रोखून ऱ्हातो.’ मी म्हटलं, ‘गेला रे तो, आता पुरे!’ आणि जेसीबी बोलावला. खड्डा झाला, शेपटीवर पहिली वाळू पडली आणि त्यानं श्वास सोडला. अख्ख्या किनाऱ्यानं ऐकला.

संध्याकाळी तो मेला. तसाही वाचला नसता, असं जाणकार म्हणतात. मला त्याचा काही उपयोग नाही. चौकशीला वनखात्याचे साहेब आले तेव्हा मी घाबरून गप्प. धर्माच पुढं झाला, ‘मी बोल्लो, गेला म्हनून.’ गाव हसलं त्याला. देवमाशाचा मोठा कैवारी, अन् जिवंत पुरायला निघाला! पुढं एकदा मी टपरीवर शिकारीची बातमी मोठ्यानं वाचली, तर पेपराची घडी घालत म्हणाला, ‘आपन कुठं येगळे?’ पुन्हा कधी भांडला नाही. मला त्याचं ते भांडणं फार आठवतं.

तेराव्याला वहिनींना सगळं सांगितलं. भांडी आवरता आवरता म्हणाल्या, ‘ठावं हाय. त्याच दिवशी बोलले मला.’ आणि इतकी वर्षं ही बाई मला हाक मारून कोळंबी देत होती! विचारलं, ‘आता काय करू, वहिनी?’

‘तुमी पेपरात लिवता ना, भावजी? त्यांच्या नावावरचं तेवढं पुसा.’

पुसतो. ‘गेला’ असं धर्मा म्हणाला नव्हता. मी म्हणालो होतो.