रक्तगटाची तिसरी जागा

बारा वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात, जळगावातल्या आमच्या दैनिकाच्या कार्यालयात बसून, मी काही माणसांचे रक्तगट बदलले. त्यांना न विचारता, त्यांना न कळवता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, कार्यालयात नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो. धुळ्याला देवपुरात काही मित्रांनी मिळून रक्तदात्यांची यादी जपली होती. त्यांचे म्होरके नाना, निवृत्त शिक्षक. यादी एका जुनाट संगणकावर होती, आणि त्यातून बाहेर पडायची ती निव्वळ मजकुराची फाईल. स्वल्पविराम नाही, रेघ नाही. पहिल्या तीस जागा नावाच्या, पुढच्या वीस गावाच्या, मग रक्तगट, मग फोन. नाव लहान असलं की उरलेल्या जागा कोऱ्या. कुठला रकाना कितव्या जागेवर सुरू होतो आणि कितव्या जागेवर संपतो, एवढं ठाऊक असलं तरच ती फाईल वाचता येते.

आमच्या दैनिकाने ठरवलं की ही यादी घ्यायची, जळगावची आपली जोडायची आणि वाचकांना फोनवर रक्तदाता शोधून द्यायचा. डेटाबेस करायचं काम मी मागून घेतलं. मी उपसंपादक होतो, पण आमच्याकडे हे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं — आणि ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मी फाईल उघडून संगणकाच्या पडद्यावर मावेल तेवढाच पहिला भाग पाहिला. सगळीकडे ए पॉझिटिव्ह, बी पॉझिटिव्ह, ओ पॉझिटिव्ह. एक अक्षर, एक चिन्ह, मग एक कोरी जागा, मग फोन. रक्तगटाला मी दोन जागा दिल्या. ती कोरी जागा नुसतं अंतर आहे असं समजून सोडून दिली. नानांना फोन केला असता तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. पण तुमची फाईल अडगळ आहे, असं मीच त्यांना चारचौघांत म्हणालो होतो. मग विचारणार कसं?

ती जागा कोरी नव्हती. एबीला अक्षरं दोन, चिन्ह तिसऱ्या जागेवर. माझ्या डेटाबेसमध्ये एबीचे सगळे दाते चिन्हाशिवाय उतरले — ना पॉझिटिव्ह, ना निगेटिव्ह.

हे कळलं उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. तोवर कार्यालयातल्या मुलींनी फोन करकरून शेकडो नंबर हाताने दुरुस्त केले होते. फाईल नव्याने आत घेतली तर ते पुसले जाणार. एबीच्या तेवढ्या ओळी मूळ फाईलशी ताडून पाहायला एक दुपार पुरली असती. पण मग संपादकांना सांगावं लागलं असतं की चुकलं. आणि सकाळीच मी त्यांना सांगितलं होतं, एका अक्षराची चूक निघाली तर राजीनामा देतो.

मी संगणकाला हुकमाची एक ओळ लिहिली. जिथे नुसतं एबी आहे, तिथे एबी पॉझिटिव्ह कर. बहुतेक पॉझिटिव्हच असतात, हे खरं आहे. बहुतेक — या शब्दावर मी इतरांच्या कितीतरी बातम्या परत पाठवल्या होत्या.

यादी चालली. छान चालली; धुळ्याची बोलावणीही आता तिच्यावरूनच जायची. खान्देशात त्या यादीने माणसं जोडून दिली, आजही देते, आणि तिचा मला अभिमान आहे. तो मी कमी करून सांगणार नाही. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते, त्यामुळे चुकीचं रक्त कोणाला गेलं नाही. हे बचाव म्हणून नाही, बातमी पुरी असावी म्हणून.

त्याच वर्षी दिवाळीनंतर जामनेरहून एका बाळंतिणीच्या नातेवाइकांचा फोन आला. एबी निगेटिव्ह हवं होतं. मी शोधलं, एकही नाव आलं नाही. त्यांनी नाशिकहून रक्त आणलं, आई आणि मूल दोघंही सुखरूप राहिली. मी बातमी केली : खान्देशात एबी निगेटिव्हचा एकही दाता नाही. पहिल्या पानावर लागली, माझ्या नावाने. लिहिताना ती एप्रिलमधली ओळ मला आठवली नव्हती, असं म्हणता येईल. आठवली होती.

बातमीनंतर दोन दिवसांनी आबा आले. अमळनेरचे. पूर्वी तिथल्या तेलाच्या गिरणीत होते, आता किराणा दुकान चालवत होते. पांढरा सदरा, कडक इस्त्री, हातात घडी केलेला आमचा अंक. उभ्याउभ्याच म्हणाले, "भाऊ, तुम्ही लिखं खान्देशमा एक बी नही. मी शे ना."

मी त्यांना बसवलं, चहा मागवला. ते रागावलेले नव्हतेच. उलट खुशीत होते — पेपरची चूक सापडली आणि ती दुरुस्त करणारा माणूस आपण, या खुशीत. धुळ्याला कितीदा गेलो, जळगावला कितीदा आलो, कधी दुकान उघडं टाकून, कधी पंगतीतून उठून. हे त्यांनी बढाई न मारता सांगितलं, पण काही सोडलंही नाही. गावात त्यांना निगेटिव्ह आबाच म्हणत. "मनी घरवाली म्हनस, मानूस निगेटिव्ह, रगत बी निगेटिव्ह," असं म्हणून स्वतःच हसले. यंदा उन्हाळ्यापासून मात्र एकही बोलावणं नाही. नंबर बदललेला नाही. मग काय झालं?

मी संगणकात त्यांचं नाव काढलं. समोर एबी पॉझिटिव्ह. मीच केलेलं.

त्या क्षणी दोन वाक्यं पुरली असती. आबा, माझी चूक झाली. उद्या दुरुस्ती छापतो. पहिल्या पानावरच्या बातमीची दुरुस्ती, माझ्या नावाने. तुम्ही काय केलं असतं, ते मला विचारायचं नाही. मी काय केलं ते सांगतो. मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि म्हणालो, "आबा, इथे तुमचं पॉझिटिव्ह आहे."

त्यांनी खिशातून रक्तपेढीचं जुनं कार्ड काढलं. मी ते हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. जुन्या काळी तपासणीत अशा चुका व्हायच्या, म्हणालो. आता सगळं संगणकावर आहे, म्हणालो. मी शांतपणे बोललो. मला शांतपणे बोलता येतं, त्याचाच पगार घेतो.

त्यांनी कार्ड पडद्याशेजारी धरलं. मग विचारलं, "मंग इतला वरीस मी काय दिधं, भाऊ?"

मी म्हणालो, रक्तच दिलंत आबा, ते वाया गेलं नाही. ते उठले. कार्ड खिशात ठेवलं, अंक टेबलावर राहिला. चहा तसाच होता.

ते गेल्यावर मी मूळ फाईल उघडली आणि एबीच्या सगळ्या ओळी तिच्याशी ताडून दुरुस्त केल्या. एकेका नावासमोर तिसऱ्या जागेवरचं चिन्ह पाहत. निगेटिव्ह निघाले त्यांना निगेटिव्ह केलं. एक ओळ तशीच ठेवली. आबांची. ती दुरुस्त केली असती तर कधीतरी त्यांना बोलावणं गेलं असतं, आणि ते विचारायला पुन्हा आले असते. बाकीच्या ओळी कोणाच्या लक्षात येणार नव्हत्या. हे मी हिशेबाने केलं. घाईत नाही, घाबरूनही नाही.

बातमीची दुरुस्ती छापली नाही.

पुढे एकदा नाना जळगावला आले होते. अमळनेरच्या शिबिराला आबांना निरोप धाडला होता, म्हणाले. आबा आले नाहीत. दुकानातूनच सांगून पाठवलं : "आते मनं साधं रगत शे. कोनं बी चाली." नाना हसत होते. म्हातारा रुसलाय कशावर तरी, तुम्हाला काही माहीत आहे का? मी नाही म्हणालो.

त्यानंतर आमच्या यादीत आबांच्या रक्तदानाची एकही नोंद नाही. रक्तदानाला वयाची मर्यादा पासष्ट आहे. यंदा त्यांना पासष्टावं पूर्ण झालं आणि यादीने नियमाप्रमाणे त्यांचं नाव शोधातून वगळलं. त्या दिवशी त्यांच्या नावासमोर रक्तगट होता : एबी पॉझिटिव्ह.