ठरवून केलेला उशीर

उजवा हात छातीवर ठेवून आणि चेहरा शक्य तितका गंभीर करून मी जाहीर करतो की, नागपूरहून बुटीबोरीकडे जाणारी आमची सकाळची पॅसेंजर कधीही तेवढी लेट नव्हती, जेवढी आम्ही सांगत होतो. कारखान्यांच्या गेटवरच्या ज्या गार्डांनी इतकी वर्षं आमच्यावर विश्वास ठेवला, त्यांनी कृपया पुढचं वाचू नये.

त्याचं असं होतं. बुटीबोरी स्टेशनवर उतरलं की कारखान्यापर्यंत शेअर ऑटो. तो माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही. धावत जाऊन पहिला ऑटो पकडला तर वेळेत, दुसरा पकडला तर गेटवर बोंब. आणि झाडून सगळ्या गेटांचा नियम एकच: गाडी लेट झाली तर माफ, ऑटो लेट झाला तर तुमचं तुम्ही पाहा. मग आम्ही अपडाऊनवाल्यांनी काय केलं? ऑटोचा उशीर गाडीच्या अंगावर ढकलला. गार्ड एकमेकांना फोन लावून खात्री करत, म्हणून किती मिनिटं लेट, हा सगळ्यांचा आकडा एकच हवा. तो बुटीबोरीच्या आधीचं गुमगाव स्टेशन सुटल्यावर डब्यात ठरायचा.

"आज किती?"

"अठरा."

"वीस करा गा, अठरा कालच झाले," असं एका गारमेंट कंपनीत पॅकिंगला असलेल्या वहिनी म्हणाल्या की ठराव मंजूर. मोबाईलवर गाडी दिसते हे खरं, पण मोबाईलमधली गाडी आम्ही खापरीत असताना कधी बुटीबोरीला पोहोचलेली असायची, कधी अजनीतच उभी. गार्डांनी तिचा नाद केव्हाच सोडला होता.

माझ्यासाठी हा आकडा म्हणजे स्टेशनबाहेरच्या चहाची सोय. माझ्याच सूतगिरणीतल्या फिटर काकांसाठी मात्र नोकरी होती. मी स्टोअरमध्ये बसून काम करतो, ते मशीनखाली वाकून करतात. गुडघा गेलेला, धावणं बंद. उशिराचे दोन मेमो आधीच मिळालेले. तिसरा मिळाला की घरी, हे साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

अशात एका सोमवारी आमच्या डब्यात तो आला.

खिडकीशी बसला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर निळी डायरी. अजनी आलं, घड्याळ पाहिलं, लिहिलं. खापरी आलं, घड्याळ पाहिलं, लिहिलं. वहिनींनी मला कोपर मारलं.

"हा काय लिहून राहिला गा?"

"कवी असेल."

"कवी घड्याळ पाहून लिहिते काय?"

मी रुमाल पाडला. वाकून उचलताना डायरीत डोकावलो. खापरीपुढे वेळ होती आणि कंसात दोन शब्द: अगदी वेळेवर. खोटं कशाला बोलू, मला थोडी मजाही वाटली. इतक्या वर्षांत आमच्यावर पहिल्यांदाच कुणी हेर सोडला होता!

पण कुणाचा? वहिनींच्या मते कंपनीचा. माझ्या मते सगळ्या कंपन्यांनी मिळून ठेवलेला. पुरावे भरपूर होते. तो कुणाशी बोलत नव्हता. आम्ही बोललो की लिहिणं थांबवायचा. बुधवारी वहिनींनी सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, पुढे केली, तर त्याने ती आधी हुंगली, मग आमच्यापैकी कुणी खातं का ते पाहिलं, आणि मगच तोंडात टाकली. निष्पाप माणूस सांबारवडी हुंगतो का?

तोवर आकडा बंद. गेटवर खरं सांगायचं आणि पहिल्या ऑटोसाठी पळायचं. मी पळालो, वहिनी पदर खोचून पळाल्या. काकांना आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी धरून न्यायचो. गुरुवारी ऑटोत चढताना काकांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून ऑटोवालाही मागे वळला. शुक्रवारी त्यांचा गुडघा पँटीतून दिसण्याइतका सुजला होता.

मी त्या माणसाला फोडण्यासाठी एक भन्नाट नाटक रचलं होतं. रेल्वेच्या सर्वेक्षणाचा खोटा विषय काढणार होतो. माझं पहिलं वाक्य निघायच्या आत काका उठले आणि लंगडत त्याच्यासमोर जाऊन बसले.

"लिहायचं असन तं लिही, भाऊ. पण माझा हा गुडघाही लिही. गाडी वेळेवर येते, मीच नाही येत." आणि त्यांनी आकड्याची सगळी गोष्ट त्याला सांगून टाकली. मेमोंसकट.

तो माणूस डायरी बंद करून म्हणाला, "म्हणजे ते तुम्ही होते काय?"

त्याची कहाणी अशी. मागच्याच आठवड्यात तो शेजारच्या कारखान्यात लागला. पहिल्या दिवशी तो दुसऱ्या डब्यात होता. उतरून रस्ता चुकला आणि गेटवर प्रामाणिकपणे म्हणाला, गाडी वेळेवर होती, मीच चुकलो. गार्डाने चार फोन लावले. सगळ्या गेटांवर उत्तर एकच: गाडी वीस मिनिटं लेट. म्हणजे हा गाडीत नव्हताच, घरून उशिरा निघाला आणि वर थापा मारतो! पहिल्याच दिवशी गैरहजेरी आणि खोटारडा हा शिक्का. तो पुसायला तो आठवडाभर खऱ्या वेळा टिपत होता. उद्या, शनिवारी, डायरी साहेबांपुढे ठेवणार होता. आणि सांबारवडी हुंगली, कारण रोज टक लावून पाहणारी ही टोळी आपल्याला गुंगीचं औषध देईल असं त्याला वाटलं होतं.

अख्ख्या एमआयडीसीत खरं बोलणारा एकच माणूस, आणि आम्ही त्याला खोटा पाडला होता. काका गुडघा दाबत खाली बघत होते.

गुमगाव सुटलं. त्याने काकांच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. डायरी बॅगेत टाकून बॅगेची चेन लावली आणि टोकाच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला,

"अहो, मंग बोला ना लवकर, आज किती लेट आहो आपण?"