राधिकाच्या बदल्यात रीमा

"मी काय राधिकाला घराबाहेर काढ म्हणतेय का? ऑरोराला पाठव म्हणतेय. इट्स अ टीम, आई. जेल नाही!"

इशिताने चमचा ताटलीत टाकला तशी पोह्यांची दोन शितं टेबलावर उडाली.

"आवाज खाली," सुमित्रा म्हणाली.

"का? शेजाऱ्यांना मराठी कळत नाही."

"मला कळतं."

सुमित्राच्या नवऱ्याने, श्रीरंगने, लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. "तिचं अगदीच चूक नाहीये. रीमा आपल्याकडे आली तर बास्केटखालचे निम्मे चेंडू आपले होतात. मी सगळ्या मॅचेसचं एक्सेल केलंय."

"तुमचं एक्सेल राहू द्या. मागच्या वर्षीही त्यात आपणच जिंकत होतो."

श्रीरंगने पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. इशिता मात्र थांबणारी नव्हती. "सहा वर्षं आई. दोन फायनल हरलोय. हे माझं लास्ट इयर आहे. जिंकायचा चान्स समोरून चालत आलाय आणि तू टाइमपास करतेयस. उद्या संध्याकाळपर्यंत फॉर्म द्यायचाय. तू माझी आई आहेस की तिची?"

सुमित्राने उठून टेबलावरची शितं टिपली.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये मराठी मंडळाचा मुलींचा बास्केटबॉलचा संघ उभा केला तो सुमित्राने. नवऱ्याच्या व्हिसावर ती आली तेव्हा तिला नोकरी करायची परवानगी नव्हती आणि नुसतं घरात बसायचा तिचा स्वभाव नव्हता. मंडळाच्या गणपतीत मुली कंटाळून खुर्च्यांखाली खेळत बसायच्या. त्यांतल्या सात जणींना तिने पार्क डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या सार्वजनिक, जिममध्ये नेलं आणि नागपूरला शिकलेला खेळ शिकवायला घेतला. पुढे ग्रीन कार्ड आलं, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली, तरी मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळ जिमचीच राहिली. गळ्यात शिटी, अंगात श्रीरंगचं जुनं स्वेटर, आणि "गुडघे वाकव, लग्नात उभी आहेस का?" ही आरोळी. मुली तिला घाबरत आणि तिच्या गाडीत बसायला भांडत.

शिकागोच्या आसपासच्या भारतीयांच्या सहा संघांची लीग होती. छोटे संघ मोडू नयेत म्हणून लीगने एक नियम ठेवला होता: जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारपर्यंत दोन संघांना आपसात एकेक मुलगी बदलून घेता येईल. कागदावर दोन्ही कोचच्या सह्या हव्यात आणि मुलीच्या आईची किंवा वडलांची. आजवर हा नियम कुणी घर बदललं तरच वापरला गेला होता. या वर्षी, दोन हजार सहाच्या जानेवारीत, ऑरोराच्या संघाची कोच सीमा हिने तो वेगळ्याच कारणासाठी काढला. तिच्याकडे सहा फूट उंचीची रीमा होती, सतरा वर्षांची. सुमित्राच्या संघात उंच मुलीची तेवढी एक उणीव होती. बदल्यात सीमाला हवी होती राधिका.

राधिका तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आली तेव्हा चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी धरायची. आता तो तिच्या हातात आला की मैदानावरच्या बाकीच्या नऊ जणी जागच्या जागी उभ्या आहेत असं वाटायचं. सीमाचा हिशेब सरळ होता. यंदाचा कप तुम्ही घ्या, पुढची चार वर्षं मला द्या.

आणखी एक गोष्ट होती, ती सीमालाही ठाऊक होती. राधिका आणि इशिता एकाच जागी खेळायच्या. सुमित्रा दोन हंगाम इशिताला सुरुवातीला उतरवत होती आणि राधिकाला पाव खेळ झाल्यावर, दुसऱ्या क्वार्टरला. सीनियर मुलगी आधी, असा नियम तिने केला होता. तो तिने कधी केला हे कुणी तिला विचारलं नव्हतं. मंडळात अशा गोष्टी तोंडावर कुणी बोलत नाही, पार्किंग लॉटमध्ये बोलतात.

राधिका गेली की ते बोलणंही संपणार होतं. रीमा येणार, कप येणार, इशिताची जागा पक्की. तीन पक्षी आणि दगडही दुसऱ्याचा. इतकं सोयीचं होतं म्हणूनच सुमित्राला गेले चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

"मी मृणालिनीला विचारते," ती शेवटी म्हणाली. "तिची मुलगी, तिची सही. ती म्हणेल तसं."

"म्हणजे तू सुटलीस," श्रीरंग म्हणाला.

"सुटण्याचा काय प्रश्न आहे?"

"काही नाही. फॉर्म प्रिंटरवर आहे."

मृणालिनी वूडफील्ड मॉलच्या मागच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा राजीव गेलं वर्षभर मिनियापोलिसच्या प्रोजेक्टवर होता. शुक्रवारी रात्री यायचा, रविवारी दुपारी जायचा. त्या दिवशी तो गाडीचं ऑइल बदलायला गेला होता. मृणालिनीने दार उघडलं आणि कागदाकडे न बघता आधी चहा टाकला.

"सुमित्राताई, शंकरपाळी घ्या. जरा जास्तच तळली गेलीत."

सुमित्राने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. रीमा कोण, राधिका का, संघाला काय मिळेल. ऑरोराचा संघ चांगला आहे, सीमा चांगली शिकवते, हेही सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. इशिताचं नाव तेवढं घेतलं नाही.

"तुम्ही करताय म्हणजे विचार करूनच करत असणार," मृणालिनी म्हणाली. "पेन आहे का?"

"वाच तरी. राजीवला विचार."

"त्यांना काय विचारायचं? राधिकाला इथे कुणी उभं केलं? तुम्हीच ना." तिने कागद मांडीवरच्या मासिकावर ठेवून सही केली. अक्षर शाळकरी, वळणदार. सुमित्राच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं सोपं होतं तर चार दिवस आपण कशाला जीव जाळला, असं तिच्या मनात आलं. मोकळेपणाने तिने दोन शंकरपाळी खाल्ली आणि कप विसळायला म्हणून स्वयंपाकघरात गेली.

फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेले तीन कागद होते. मॅपक्वेस्टच्या वेबसाइटवरून छापलेला रस्ता. शॉमबर्ग ते ऑरोरा. बत्तीस मैल, एक तास पंचवीस मिनिटं. वळणांची यादी तिसऱ्या पानावर संपत होती आणि प्रत्येक डाव्या वळणाभोवती लाल पेनाने गोल काढलेला होता.

"एवढी वळणं?" सुमित्राने विचारलं.

मृणालिनी मागे येऊन उभी राहिली. "हायवे नको असं टाकलं की एवढी पानं येतात. मला हायवेवर नाही जमत हो अजून. ट्रक शेजारून गेला की हात गार पडतात. आणि इथे डावीकडे वळताना समोरच्या गाड्या अंगावर येतात."

"पण तुला आधीच कळलं होतं?"

"इशिताने मंगळवारीच सांगितलं राधिकाला. मग मी गुरुवारी सकाळी जाऊन बघितलं. अर्ध्यातून परत आले. बर्फ भुरभुरत होता ना." ती हसली, कुणाची तरी गंमत सांगावी तशी. "होईल सवय. संध्याकाळी ट्रॅफिक जास्त असतं का हो त्या बाजूला?"

सुमित्राने नळ बंद केला. ऑरोराची प्रॅक्टिसही मंगळवार-गुरुवारच होती, म्हणजे तिची स्वतःची गाडी त्या वेळी शॉमबर्गच्या जिमसमोर उभी असणार. राजीव मिनियापोलिसला. ऑरोराहून कुणी साठ-पासष्ट मैलांचा फेरा मारून एका मुलीला न्यायला येणार नाही. ही बाई हिवाळ्याच्या अंधारात जाऊन-येऊन तीन तास डावी वळणं घेत जाईल. फार तर दोन आठवडे. मग एकदा गाडी घसरेल, किंवा घसरणार होती एवढं जरी राजीवच्या कानावर गेलं, तरी खेळ बंद.

हे चार दिवसांत कुणालाच सुचलं नव्हतं. श्रीरंगच्या एक्सेलमध्ये मुलीला कोण नेणार याचा रकाना नव्हता. आणि सुमित्राला तर सुचायलाच हवं होतं. मृणालिनीला ड्रायव्हिंग टेस्टसाठी गाडी पार्क करायला तिनेच शिकवलं होतं, बर्फाचे बूट घ्यायला तिनेच नेलं होतं, मुलीला दाताच्या डॉक्टरकडेही तीच घेऊन गेली होती. एवढं केलेल्या माणसाने सहीचा कागद पुढे केला तर पुढची बाई नाही कशी म्हणेल? सुमित्रा तिचं मत विचारायला आली नव्हती. तिच्या भिडेचा फायदा घ्यायला आली होती.

आतल्या खोलीतून राधिका बाहेर आली. केस ओले, हातात पुस्तक.

"काकू, इट्स ओके," ती म्हणाली. "मला तसंही डिबेट क्लब जॉइन करायचा होता. मे बी बास्केटबॉल इज नॉट माय थिंग."

"डिबेट?" मृणालिनी म्हणाली. "हे कधी ठरलं?"

"असंच."

खाली येऊन सुमित्रा गाडीत बसली. इंजिन सुरू केलं, पण गाडी काढली नाही. काचेवरचा बर्फ आतल्या गरम हवेने कडेकडेने विरघळू लागला.

सुमित्रा नववीत होती, नागपूरला. घरामागच्या मैदानावर खेळायची, पोलक्याच्या बाह्या वर सरकवून. तिच्यासारखा चेंडू टाकणारी मुलगी त्या मैदानावर दुसरी नव्हती, हे इतर लोक म्हणायचे. त्या वर्षी सरांनी तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबाला दिलं आणि त्यांची एक मोठी, उंच मुलगी घेतली. तिथे हिला जास्त खेळायला मिळेल, असं सर घरी येऊन सांगून गेले, आणि वडील सरांपुढे मान डोलावत राहिले. नवं मैदान सायकलने पाऊण तासावर. दिवेलागणीनंतर एवढ्या लांबून मुलीने एकटीने यायचं नाही, असं वडलांनी आठवड्याभरात ठरवलं. आधी रोजची जायची ती शनिवारची झाली, मग तीही गेली. सरांच्या संघाने ढाल जिंकली. ते पेढे घेऊन घरी आले तेव्हा सुमित्राने वाकून नमस्कार केला आणि पेढा घेतला.

"दहावीचा अभ्यास होता ना, म्हणून खेळ सोडला." हे ती तीस वर्षं सांगत होती. लग्न ठरवताना सांगितलं, श्रीरंगला सांगितलं, संघातल्या मुलींना सांगितलं. सांगून सांगून तेच खरं झालं होतं. सरांवर तिचा कधी राग नव्हता. मुलगी खेळणं सोडते तेव्हा ती स्वतःच काहीतरी चांगलं कारण शोधून देते, म्हणजे मोठ्यांना कुणाला वाईट वाटायला नको. तेरा वर्षांच्या पोरीने आत्ता तिला तेच दिलं होतं, ओल्या केसांनी, दारात उभं राहून.

सुमित्राने पर्समधून फोन काढला. पण सीमाचा नंबर लावण्याआधी तिला इशिता आठवली. अकरा वर्षांची, दातांना तारा, पहिल्या मॅचमध्ये स्वतःच्याच बास्केटमध्ये चेंडू टाकणारी. तिने सहा वर्षांत एक प्रॅक्टिस चुकवली नव्हती. फार चांगली कधी खेळली नाही. आईला ते दिसत होतं आणि मुलीलाही. तिला जिंकायचं होतं, यात गैर काय होतं? तिला घरातला हक्क वापरायचा होता, आणि सुमित्रा दोन वर्षं तो तिला वापरू देत होती. मुलीला हे शिकवलं कुणी?

तिने नंबर लावला.

"पागल झालीस काय तू?" सीमा मूळची इंदूरची, तिची मराठी हिंदीच्या वळणाने जायची. "रीमा सिक्स फीट आहे, बाई! असा सौदा परत नाही येणार. आणि सही तर झाली म्हणतेस?"

"तिची झाली. माझी होणार नाही."

"श्योर?"

"श्योर."

"मग फायनलला भेटू. रडू नको नंतर."

"रडले तर घरी रडेन," सुमित्रा म्हणाली आणि फोन ठेवला. मग परत वर गेली. मृणालिनीला तो कागद हातात दिला आणि म्हणाली, "हे मी विचारायलाच नको होतं. मंगळवारी राधिकाला नेहमीच्या वेळी न्यायला येते." मृणालिनीने दाराची कडी धरली आणि मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून सुमित्राला बरं वाटलं नाही, उलट लाज वाटली. ती भराभर जिना उतरली.

घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. इशिता सोफ्यावर गणिताची वही घेऊन बसली होती आणि श्रीरंग किचनमध्ये ऊन पडतं तिथे पेपर वाचत होता. दोघांनी एकदमच वर बघितलं.

"केली सही?" इशिताने विचारलं.

"मृणालिनीने केली."

"येस!" ती उडी मारून उठली, वही खाली पडली. "आय न्यू इट! बाबा, रीमा येतेय!" तिने आईच्या गळ्यात हात टाकले. किती महिन्यांनी. तिच्या केसांना आंब्याच्या शाम्पूचा वास होता. सुमित्राने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग तिचे हात सोडवले आणि कोट न काढताच टेबलापाशी उभी राहिली.

"बसा दोघंही," ती म्हणाली. "कागद मी मृणालिनीला परत दिलाय. राधिका कुठेही जाणार नाही आणि रीमा येणार नाही. सीमाला कळवलंय. येत्या मॅचपासून राधिका सुरुवातीला उतरेल. इशिता, तू दुसऱ्या क्वार्टरला."